खर्र्याचंही लिहा

बीपी मोजण्यावरच्या तुमच्या लेखात सिगारेटचं आलं, पण आमच्या यवतमाळकडं माणसं सिगारेट कमी अन् खर्राच जास्त खातात. सुपारी-चुन्यासोबत घोटलेल्या त्या खर्र्यातही तंबाखूच असते, तिच्यातल्या निकोटिननं बीपी चढतंच. मोजायच्या अर्धा तास आधीपासून खर्रा नको, चहाही नको, हे कोणी सांगतच नाही.

बाबांचं बीपी उपकेंद्रात १६०/१०० निघालं होतं. गोळीनं १३० वर आलं, तर म्हणाले, "आता बरं हाय मले," अन् गोळी सोडली. डोकं दुखलं नाही, चक्कर नाही, काहीच नाही. ऐन कापूस वेचणीत उजवा हात लुळा पडला. आकडा गोळीमुळंच खाली होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. घरी म्हातारं माणूस असेल तर गोळ्यांचं पाकीट रोज स्वतः पाहा.