‘पिस्तूल शूटिंग आपल्यासारख्यांचं काम नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पॅरिस ऑलिंपिकनंतर एक मेसेज फिरायला लागला. तो अजूनही दर काही महिन्यांनी सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर येऊन पडतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा:

‘मनू भाकरचं पदक बघून शूटिंगच्या क्लासला भुलू नका. बंदुकीचा परवाना काढावा लागतो, पोलिसांकडे चकरा माराव्या लागतात. पिस्तूल आणि किट मिळून पहिल्याच महिन्यात चार-पाच लाख जातात. चष्मा असेल तर उपयोग नाही. दहाव्या वर्षाच्या आत सुरुवात झाली नाही तर विषय संपला. आणि मुळात हा खेळच नाही, तुर्कस्तानचा माणूस खिशात हात घालून आला आणि पदक घेऊन गेला. मुलांच्या हातात पिस्तूल दिलं की ती हिंसक होतात, ते आणखी वेगळंच.’

पुण्यातल्या एका रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) नवीन आलेल्यांना पहिले धडे देण्यात मी मदत करतो. चौकशीला येणारे पालक यातली निदान दोन वाक्यं तरी मला ऐकवतातच. जे येतात त्यांच्याशी बोलता येतं. मेसेज वाचून जे येतच नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

परवाना. नवखा माणूस सुरुवात करतो ती १० मीटर एअर पिस्तूलपासून. यात बारूद नसतं. दाबाखालची हवा छर्रा ढकलते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवेच्या शस्त्राच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा) जास्त नाही आणि ज्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नाही, त्याला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल बरोबर ४.५ मिलिमीटरचंच असतं. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा भरते पाच-सहा जूल. मर्यादेच्या खूपच खाली.

मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा २५ मीटरच्या पिस्तूलबद्दल ऐकलं असावं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते या प्रकारात. तिथे पॉइंट २२ (०.२२ इंच व्यासाची) खरी काडतुसं असतात. ते अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतो आणि लागायलाच हवा. २१ वर्षं पूर्ण नसलेल्याला स्वतःचं अग्निशस्त्र बाळगता येत नाही, प्रशिक्षणापुरती कायद्यात वेगळी तरतूद आहे. पण हा पुढचा टप्पा आहे. पहिल्या दिवशीच्या मुलाला त्याची भीती घालण्यात काहीच अर्थ नाही.

एक मात्र बजावून सांगतो. परवाना लागत नाही याचा अर्थ ते खेळणं आहे असा नाही. गच्चीवरून कबुतरांवर छर्रे मारणारा कोणी दिसला तर त्याला आवरा. पाच-सहा जूलमध्ये डोळा कायमचा जाऊ शकतो.

पैसे. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर बोलू.

चार-पाच लाखांच्या आकड्यात ‘किट’ हा शब्द आहे. तो रायफलवाल्यांचा. जाड कॅनव्हासचं जॅकेट, तसलीच पँट, ग्लोव्ह, खास बूट, हे सगळं रायफलला लागतं आणि महागही असतं. पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवणारा आपला स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा आणि तेव्हा मध्य रेल्वेत नोकरीला असलेला, त्याच्या अंगावर तुम्ही टीव्हीवर पाहिलं ते हे किट. त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. पिस्तूलमध्ये यातलं काहीही नाही. टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि सपाट तळव्याचे, घोट्याच्या खाली राहणारे बूट. घोटा झाकणारे बूट तर नियमातच बसत नाहीत.

राहता राहिलं पिस्तूल. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी ही पिस्तूल बनवणाऱ्या कंपन्यांची नावं तुमच्या कानावर येतील. परदेशी बनावटीचं नवीन मॅच पिस्तूल (स्पर्धेचं पिस्तूल) लाखाच्या वरच जातं, हे खरं आहे. खोटं आहे ते ‘पहिल्याच महिन्यात’. कुठल्याही बऱ्या रेंजवर नवख्याला क्लबचं पिस्तूल देतात, आणि मी तर म्हणेन की सुरुवातीला क्लबचंच वापरा. कारण पिस्तूलची मूठ लाकडाची, हाताच्या मापाची असते. डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी, त्यातही लहान-मध्यम-मोठी. कोच पुढे ती मूठ कानशीने घासून आणि लाकडाचा भुसा-लांबी (पुट्टी) भरून तुमच्या तळव्याला बसवतो. तुमची पकड अजून ठरलेलीच नाही तेव्हा मूठ कुठल्या मापाची घेणार? तेरा वर्षांच्या मुलाचा हात तर दोन वर्षांत बदलतो.

सेकंडहँड घेणार असाल तर नळीखालचा हवेचा सिलिंडर आधी बघा. त्यावर तारीख कोरलेली असते आणि तो साधारण दहा वर्षंच वापरायचा असतो. विकणारा पिस्तूल ‘एकदम कंडिशनमध्ये’ आहे म्हणतो, आणि सिलिंडरची मुदत सहा महिन्यांत संपणार असते. स्पर्धेत मुदत पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची.

खर्च नाहीच असं मी म्हणणार नाही. रेंजची फी आहे, छर्रे आहेत, पुढे स्पर्धांचा प्रवास आहे. आणि पुण्यात सगळ्यात जड जातो तो वेळ. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, तिथली रेंज हे या शहराचं भाग्यच. गगन नारंगची अकादमीही तिथेच सुरू झाली. पण हडपसरला राहणाऱ्या मुलाने संध्याकाळी बालेवाडी गाठायची म्हणजे किती वेळ जातो ते पुणेकरांना सांगायला नको. पालकांनी हिशेब करायचाच असेल तर आधी याचा करावा. घराजवळ छोटी १० मीटरची रेंज असेल तर तिथून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. १० मीटर सगळीकडे १० मीटरच असतं.

चष्मा. हा मुद्दा वाचला की मला खरंच राग येतो. याच्यामुळे किती मुलांनी दारातूनच परत जायचं?

पिस्तूलवर नेम धरण्यासाठी दोन साइट असतात. मागे खाच असलेली रिअर साइट, टोकाला उभी पट्टी असलेली फ्रंट साइट. फ्रंट साइट त्या खाचेत बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत, असं दिसलं पाहिजे. आता नवख्याला जे पटता पटत नाही ते असं, की डोळ्याने टार्गेट बघायचंच नसतं. नजर फ्रंट साइटवर रोखायची. टार्गेटचं काळं वर्तुळ धूसरच दिसायला हवं.

का, ते आकड्यात बघा. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरू. १० मीटर म्हणजे त्याच्या तीसपट. फ्रंट साइट खाचेत एकच मिलिमीटर सरकली तर टार्गेटवर छर्रा ३० मिलिमीटर सरकतो. टार्गेटच्या मधोमध असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे तुमचा शॉट गेला सातमध्ये. उलट, साइट बरोबर जुळलेल्या ठेवून अख्खा हातच सेंटिमीटरभर हलला, तर छर्रा तेवढाच, सेंटिमीटरभर सरकतो. नऊ लागतो. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. त्या हलण्याला घाबरून नवखा ‘आत्ता बरोबर दिसतंय’ म्हणून चाप झटकन ओढतो, साइट बिघडतात आणि शॉट पाचात जातो. याला रेंजवर जर्क म्हणतात. पहिले काही महिने आमचं बहुतेक बोलणं या जर्कबद्दलच असतं.

तर मग डोळ्याला लागतं काय? मीटरभर अंतरावरची एक पट्टी स्पष्ट दिसणं. नंबर असेल तर चष्मा लावून दिसतेच. पुढे गंभीरपणे खेळायला लागलात की डोळ्यांच्या डॉक्टरांना फ्रंट साइटचं अंतर सांगून शूटिंगच्या फ्रेमसाठी वेगळं भिंग करून घेता येतं. चाळिशी लागलेल्यांना तर ते घ्यावंच लागतं. दुसरा डोळा घट्ट मिटायचाही नसतो, चेहरा ताणला जातो. त्याच्यासमोर तीन सेंटिमीटर रुंदीपर्यंतची पट्टी लावायला नियमाने परवानगी आहे. आणि उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ (नेम धरताना आपोआप पुढे येणारा) असला तरी बिघडत नाही. पिस्तूल एका हातात, लांब धरलेलं असतं, मान थोडी वळवली की काम होतं.

वय. मनू भाकरने शूटिंग सुरू केलं ते चौदाव्या वर्षी, त्याआधी बॉक्सिंग, स्केटिंग, थांग-टा (मणिपुरी युद्धकला) असं बरंच काही करून झाल्यावर. सिंगराज अधाना तिशी उलटल्यावर या खेळात आला आणि टोकियो पॅरालिंपिकमध्ये पिस्तूलची दोन पदकं घेऊन परतला. जॉर्जियाची निनो सालुक्वाद्झे १९८८ पासून पॅरिसपर्यंत सलग दहा ऑलिंपिक खेळली. आपल्याकडेही मोठ्या वयाच्यांसाठी मास्टर्सचा वेगळा गट असतो. यापलीकडे या मुद्द्याला उत्तर द्यावं असं मला वाटत नाही.

‘खिशात हात घालून पदक.’ मेसेजमधला तो तुर्कस्तानचा माणूस म्हणजे युसुफ डिकेच. तो ५१ वर्षांचा होता आणि पॅरिस ही त्याची पाचवी ऑलिंपिक. २००८ पासून तो ऑलिंपिकमध्ये उतरतोय, २०१४ मध्ये विश्वविजेता झालाय. साधा चष्मा आणि खिशातला हात एवढंच फोटोत दिसलं, त्यामागची वर्षं दिसली नाहीत. हातातलं पिस्तूलही साधंसुधं नव्हतं, पक्कं मॅच पिस्तूलच होतं.

आणि खिशात हात ही ऐटही नव्हे. नियमाप्रमाणे पिस्तूल एकाच हाताने धरायचं, मनगटाला कसलाही आधार नाही. मग मोकळा हात लोंबकळत राहिला की शरीर डोलतं. म्हणून बहुतेक सगळे नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. नवख्यालाही आम्ही पहिल्याच दिवशी हे शिकवतो.

आता ‘हा खेळच नाही’ म्हणणाऱ्यांनी घरी एक करून बघावं. लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या, पिस्तूलचं वजन साधारण तेवढंच. हात खांद्याच्या उंचीवर सरळ समोर, दहा सेकंद धरा, खाली आणा. थोडं थांबा. पुन्हा. असं साठ वेळा. सामन्यात ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात, त्याआधी १५ मिनिटं तयारीची आणि साइटर्सची, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या शॉटची. शिवाय हात वर गेला पण मन लागलं नाही तर न मारता खाली आणायचा आणि पुन्हा उचलायचा, असं कितीतरी वेळा होतं. चांगला नेमबाज यातच ओळखू येतो, जमत नसलेला शॉट तो सोडून देतो. खांदा, पाठ, पोटरी सगळं बोलायला लागतं. दहा शॉटची सीरिज संपेपर्यंत श्वासाची लय टिकवायला पळणं-चालणंही करावं लागतं.

हिंसा. पालकांची ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. मुलाच्या हातात पिस्तूल या कल्पनेनेच आईच्या पोटात गोळा येतो, आणि तो यावाच. म्हणून रेंजवर काय होतं तेवढं सांगतो. पिस्तूल पेटीतून निघतं ते नळीत छर्रा नाही हे दाखवणारा भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालूनच. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, हसताना, बोलताना, मागे कोणी हाक मारली तरी. ‘लोड’ म्हटल्याशिवाय छर्रा घालायचा नाही, ‘स्टार्ट’शिवाय मारायचा नाही, ‘स्टॉप’ म्हटलं की बोट चापावरून बाहेर. पिस्तूल रिकामं आहे हे अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय लेन सोडायची नाही. धोकादायक हाताळणी झाली तर स्पर्धेतून बाद. घरी आदळआपट करणारी मुलं इथे पहिला आठवडाभर नुसता फ्लॅग घालायला आणि काढायला शिकतात. ती कंटाळतात, काही सोडूनही जातात. ज्याला धडाधड गोळ्या झाडायच्या आहेत त्याला हा खेळ फार लवकर नकोसा होतो.

तेव्हा मेसेज बाजूला ठेवा आणि एखाद्या रेंजवर जाऊन तासभर मागे बसा. काहीही विकत घेऊ नका. बघायचं ते हे: सगळे फ्लॅग वापरतात का, कोणी नळी इकडेतिकडे फिरवली तर कोच लगेच टोकतो का, नवख्याला क्लबचं पिस्तूल मिळतं का, आणि त्याला थेट टार्गेटवर मारायला लावतात की आधी पांढऱ्या कागदावर नुसतं होल्डिंग आणि ट्रिगर (पिस्तूल स्थिर धरणं आणि चाप दाबणं) करायला लावतात. पहिल्याच भेटीत तुमच्यासमोर पिस्तूलचं कोटेशन ठेवलं, तर दुसरी रेंज बघा. आणखी एक, सराव संपवून निघताना मुलं हात साबणाने धुतात का ते बघा. छर्रे शिशाचे असतात, आणि बाहेर पडल्यावर पहिलं काम असतं वडापाव खाण्याचं.