लांब राहायला गेलं की हवा चांगली मिळते, हे कोणी सांगितलं?

गिरगाव-दादरकडचं कोणीही भेटलं की एक वाक्य ठरलेलं असतं, "तुमचं बरं आहे गं, लांब असलात तरी हवा तरी चांगली." मी डोंबिवलीत राहते, माहेर गिरगावातलं, दादा-वहिनी अजून तिथल्याच चाळीत आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं मला रोजच्या रोज कळत असतं, आणि म्हणूनच हे वाक्य आता ऐकवत नाही. हवा, आवाज आणि उजेड, तिन्ही बाबतींत "मुंबई घाण आणि लांबची गावं स्वच्छ" ही समजूत खोटी आहे. आणि ती सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलीय म्हणूनच आमच्याकडे कोणी काही मोजत नाही आणि मोजा म्हणून मागतही नाही. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

आधी हवा. गिरगावच्या घरात खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं, तेलकट काहीतरी लागतं, गाड्यांचा धूर तो. आमच्या इथे सकाळी पुसलेली खिडकी दुपारपर्यंत पांढुरकी होते, पिठासारखी बारीक धूळ पण बोटांत चोळली की चुरचुरते. आजूबाजूला टॉवर उभे राहतायत, तिकडे कल्याण-शीळ रोडवर मेट्रो १२ चं काम, आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीट वाहणारे, मिक्सर रात्रभर येतात-जातात, वळणावर काँक्रीट सांडतं, ते वाळतं, त्याच्यावरून शेकडो टायर जातात आणि मग ती पूड दिवसभर उडत राहते. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने बांधकामांसाठी नियम काढले, ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर साइटभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, डेब्रिजचे ट्रक झाकून न्यायचे वगैरे. सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही, पण वहिनी निदान वॉर्ड ऑफिसला फोन लावून "समोरच्या साइटला पत्रे नाहीत" एवढं तरी सांगू शकते. मी हेच आमच्याकडे विचारलं तर पलीकडचा माणूस मलाच विचारतो, "मॅडम, कुठला नियम?"

आणि समुद्र त्यांच्याकडे आहे हे विसरू नका. दिवसा समुद्रावरचा वारा सुटला की गिरगावचा धूर तो आत, पूर्वेकडे ढकलतो, म्हणजे आमच्याच दिशेने. त्यात आमचा स्वतःचा भर आहेच. डोंबिवलीची एमआयडीसी कोणाला नव्याने सांगायला नको. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला होता, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला होता, २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला कारखान्यांत स्फोट झाले, लांबलांबपर्यंत घरांच्या काचा फुटल्या. या सगळ्याच्या बातम्या झाल्या. पण रात्रीच्या वासाची कुठे बातमी होते? थंडीत, साधारण एक-दीड वाजता, झोपेतच घशात काहीतरी आंबट, टोचणारं जाणवतं आणि जाग येते. थंडीच्या रात्री जमीन पटकन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरच्या उबदार हवेच्या थराखाली अडकून बसते, त्यामुळे जे काही सोडलं जातं ते वर न जाता आपल्या नाकाच्या उंचीवर तरंगत राहतं. शेजारच्या काकूंना दमा आहे. त्या अशा वेळी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून बसतात आणि सकाळी मला विचारतात, "तुलाही आला होता ना गं वास, की मलाच भास होतो?" सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या नाकावर शंका घ्यायला लागावी, याचा मला भयंकर राग येतो. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता माणूस येऊन बघून जातो आणि काही आढळलं नाही असं लिहून जातो. दुपारी बाराला काय आढळणार?

केंद्रीय प्रदूषण मंडळाचं, जागोजागच्या हवेचे आकडे दाखवणारं समीर ॲप उघडून बघा. मुंबईत कुलाबा, वरळी, सायन, मालाड, बोरिवली अशी स्टेशनंच स्टेशनं दिसतात, आणि ठाण्याच्या पुढे सरकलात की बोटांवर मोजण्याइतकी उरतात. स्टेशनचा आकडा त्या स्टेशनजवळच्या हवेचा असतो, चार-पाच किलोमीटरवरच्या माझ्या बेडरूमचा नाही. तरी लोक तोच हिरवा-पिवळा रंग बघून "आज आपल्याकडे छान आहे" म्हणतात. बदलापूर आणि उल्हासनगर ही दोन्ही नावं केंद्राच्या नॅशनल क्लीन एअर प्रोग्रामच्या यादीत आहेत, म्हणजे जिथली हवा ठरलेल्या पातळीत बसत नाही अशा शहरांच्या यादीत. त्याच बदलापूरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत "शुद्ध हवा, निसर्गाच्या कुशीत" असं छापलेलं असतं. आणि ठरलेली पातळी तरी केवढी, पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांसाठी, आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे आपला हिरवा रंगसुद्धा जरा जपूनच वाचावा लागतो.

आवाजाचं बोलायचं तर गिरगाव गोंगाटाचं आहे हे मान्यच आहे, गणपतीत कान बधिर होतात. पण तिथला आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे लोकांना माहीत असतं, आणि नाही थांबला तर कुठे जायचं हेही माहीत असतं. मेट्रो ३ चं काम रात्रभर चालायला लागलं तेव्हा कफ परेडचे रहिवासी हायकोर्टात गेले आणि २०१७ मध्ये कोर्टाने तिथलं रात्री १० ते सकाळी ६ चं काम बंद करून दाखवलं. पुढे ती बंदी उठली, पण त्यांचं ऐकून तरी घेतलं ना कोणीतरी. कायदा आम्हालाही तोच आहे, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. आमच्या खिडकीतून रिव्हर्स घेणाऱ्या मिक्सरचा टूं टूं टूं, बाजूच्या इमारतीचा जनरेटर, लग्नसराईत हळदीचा डीजे, आणि हे सगळं एकाच रात्री येऊ शकतं. डेसिबल साधे बेरजेने वाढत नाहीत हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं, १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. त्यामुळे ४५ च्या जागी ६५ म्हणजे "थोडं जास्त" नाही, शंभरपट आहे.

फोन करायला लोक घाबरतात, कारण सोसायटीत नाव फुटतं. म्हणून एक सांगून ठेवते, जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आवाजाची तक्रार आली तर पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करायची. पोलिसांना ११२ लावताना हे लक्षात असू द्या.

आता उजेड, ज्याला कोणी प्रदूषण म्हणायलाच तयार नाही. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर बॉक्स क्रिकेटचं टर्फ झालंय. चारी बाजूंना उंच खांब, त्यावर पांढरेफटक एलईडी, आणि त्यातले दोन थेट आमच्या बिल्डिंगकडे तोंड करून. जाड पडदा ओढला तरी वरच्या फटीतून छतावर पट्टा येतो, आणि मुलाची दहावी चालू असताना तो डोळ्यांवर ओढणी बांधून झोपायचा. मी खाली जाऊन सांगितलं तर तिथला पोरगा बिचारा नम्रपणे म्हणाला, "ताई, एकपर्यंतचं बुकिंग आहे, पैसे भरलेत हो त्यांनी." त्याचं काय चुकलं? त्याला कोणी सांगितलंच नाही की दिव्याला वरून झाकण लावून तोंड खाली केलं तर त्याच्या पिचवर उजेड तेवढाच पडेल आणि माझं घर सुटेल. आवाजाला निदान कायदा आहे, १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात १९८७ साली आवाज घातला गेला. उजेडासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. शरीराला मात्र तो बरोबर कळतो, रात्री डोळ्यांवर निळसर-पांढरा उजेड पडत राहिला की झोपेचं मेलाटोनिन दबतं, आणि सकाळी ५.५० ची लोकल पकडायची असते तेव्हा त्याची किंमत कळते.

गंमत नाही, वाईट वाटतं याचं की हीच आपण माणसं जूनमध्ये गाड्या काढून काजवे बघायला भंडारदऱ्याला जातो. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण म्हणून, त्याच्यावर आपण हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च मारतो. दुसरीकडे नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तिथे आजूबाजूच्या गावांतले दिवेही खाली तोंड करून बसवले. महाराष्ट्रातच झालंय हे, म्हणजे जमतं.

आणि जे सगळ्यात जास्त सोसतात ते ही पोस्ट वाचणार नाहीत. आम्ही खिडकी लावून एसी चालू करू शकतो. गेटवरचे वॉचमन काका रात्रभर तोच वास घेत, त्याच दिव्याखाली, त्याच मिक्सरच्या शेजारी बसलेले असतात. एमआयडीसीला लागून असलेल्या चाळींना तर खिडकी लावली काय, न लावली काय, सारखंच.

कोणी लांब फ्लॅट घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, मुंबईतले भाव मला ठाऊक आहेत. पण घ्यायच्या आधी रविवारी सकाळी बिल्डरच्या गाडीतून बघून येऊ नका. रात्री अकराला जा, पहाटे जा, खाली पानवाल्याला विचारा की रात्री वास येतो का, आरएमसी प्लांट किती लांब आहे, मागच्या प्लॉटवर काय येणार आहे. आरएमसी प्लांट असो की केमिकलचा कारखाना, दोघांनाही प्रदूषण मंडळाची संमती लागते, त्यात अटी लिहिलेल्या असतात आणि तो कागद मागता येतो.

आम्ही आमच्या चार सोसायट्यांनी एक वही सुरू केलीय. तारीख, वेळ, कसला वास, वारा कुठून होता, किती वेळ टिकला, कोणाला काय त्रास झाला, एवढंच लिहायचं. हवा मोजायचं एक छोटं यंत्रही गच्चीवर बसवतोय. या नोंदी जोडून पत्र देणार आहोत, मागण्या तीनच, आमच्या भागात कायमचं मोजणी स्टेशन, रात्री वास आला तर रात्रीच येणारं पथक, आणि टर्फ व साइटच्या दिव्यांना झाकण. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, कुठलेही असाल आणि तुमच्या सोसायटीत अशी वही ठेवायची तयारी असेल तर मला मेसेज करा, आम्ही रकाने कसे आखलेत त्याचा फोटो पाठवते.