होळकर स्टेडियमवरचे पाच आठवडे

इंदूरच्या रामबागेत सकाळी पोह्यांवर जीरावण हा इंदुरी मसाला भुरभुरताना जो वाद रंगतो, तोच दुपारपर्यंत मेलबर्नच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर येऊन पडतो. विषय एकच. २०२७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोटींसाठी भारतात येणार, तर आपली पोरं फॉर्मात आहेत का? एक गट म्हणतो, रोहित, विराट, अश्विन गेल्यावर राहिलं काय. दुसरा गिलच्या इंग्लंडमधल्या ७५४ धावा तोंडावर फेकतो. तिसऱ्याला कुठलाही आजार विचारा, निदान आयपीएलच. आणि तिघांपैकी एकही विचारत नाही की बाबा, खेळपट्टी कुठली?

हे इंदूरकरांना माझ्यासारख्या मेलबर्नकरानं सांगावं लागावं, याचं नवल वाटतं. कारण याचा धडा त्यांच्याच गावात गिरवला गेला. २४ जानेवारी २०२३ ला होळकर स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध रोहितनं १०१ आणि गिलनं ११२ काढल्या, सलामीची भागी २१२, एकूण ३८५. चेंडू पांढरा होता, प्रकार वेगळा, मान्य. पण १ मार्चला, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांनी, त्याच मैदानावर तेच दोघं ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत सलामीला उतरले आणि लंचला भारत ७ बाद ८४. डाव १०९ वर आटोपला, सर्वाधिक धावा विराटच्या, बावीस. त्याच स्टेडियमवर २०१६ ला विराटनं २११ आणि २०१९ ला मयंक अगरवालनं २४३ केल्या होत्या. पाच आठवड्यांत माणसं बदलली नव्हती. पायाखालची माती बदलली होती.

ही कसोटी मुळात धरमशालेची. तिथलं मैदान तयार नाही म्हणून १३ फेब्रुवारीला तो इंदूरला हलवला गेला. हातात राहिले सोळा दिवस. खेळपट्टी पाच दिवस टिकवायची तर आधी भरपूर पाणी द्यायचं, ओल खोलवर मुरू द्यायची, मग रोज रोलर फिरवत ती घट्ट वाळू द्यायची. गवताची मुळं माती धरून ठेवतात. वरचा थर कोरडा आणि खाली बांधणी कच्ची, की पापुद्रे सुटायला लागतात. इथं सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांच्या अहवालानुसार पाचव्याच चेंडूनं पृष्ठभाग फोडला. शेरा मिळाला ‘निकृष्ट’, तीन दोषांक. बीसीसीआयनं दाद मागितल्यावर तो ‘सरासरीपेक्षा कमी’ आणि एक दोषांक असा खाली आला. गावानं तेव्हा दोषांक कमी झाल्याचं समाधान मानलं. मातीचं काय चुकलं, यावर मात्र फारशी कुणी जीभ झिजवली नाही.

आता आखाडा खेळपट्टीवर, म्हणजे पहिल्या दिवसापासून भुसभुशीत होऊन फिरकी घेणाऱ्या मातीवर, नक्की होतं काय ते पाहू. लोकांना वाटतं, हातभर वळणारा चेंडू घात करतो. तो बहुतेकदा बॅटची कड सोडून निघून जातो. घात करतो तो न वळणारा. फलंदाज वळण धरून खेळतो, चेंडू सरळ घसरतो, आणि तो पायचीत होतो किंवा दांडी उडते. पूर्वी पुढचा पॅड पुढे टाकून हे निभावून नेता यायचं. २०१६ च्या इंग्लंड मालिकेपासून आपल्याकडे डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयावर रिप्लेनं दाद मागायची सोय, आलं आणि ती पळवाट बंद झाली. बॅट पॅडच्या पुढेच हवी.

दुसरी गोष्ट अधिक महागात पडणारी. अशा मातीवर गोलंदाजाला चेंडू वळवण्याचं कसब लागतच नाही. टप्पा धरून वेगात टाकत राहिला की बाकीचं काम खेळपट्टी करते. म्हणजे जडेजा आणि समोरचा नवखा यांच्यातलं अंतर आपणच आपल्या हातानं मिटवतो. इंदूरला दुसरीच कसोटी खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या कुनेमननं १६ धावांत ५ घेतले. मुंबईत २०२४ ला न्यूझीलंडच्या एजाज पटेलनं सामन्यात ११ बळी घेतले आणि आपण १४७ चा पाठलाग करताना २५ धावांनी हरलो. कोलकात्यात नोव्हेंबर २०२५ ला लक्ष्य १२४, आपण ९३ वर गारद. त्या अख्ख्या सामन्यात एकच अर्धशतक झालं, ते दक्षिण आफ्रिकेच्या बवुमाचं, नाबाद ५५. या पराभवाला ‘पोरांचा फॉर्म गेला’ म्हणणं म्हणजे पीठ भिजवण्यात चूक करून तव्याला शिव्या घालण्यासारखं आहे.

इकडे मेलबर्नमध्ये सगळं शहाणपण नांदतं, असं मुळीच नाही. डिसेंबर २०२५ ची इथली इंग्लंडविरुद्धची अॅशेस कसोटी दोन दिवसांत संपली, ३६ बळी. फरक दिसला तो नंतर. खेळपट्टी तयार करणारा क्युरेटर पत्रकारांसमोर बसला, गवत १० मिलिमीटर ठेवलं होतं आणि ते जास्त झालं, हे उघड बोललं गेलं. ट्राममध्येसुद्धा चर्चा मिलिमीटरमध्ये चालली होती. आपल्याकडे हीच चर्चा ‘कोणाला काढा’पासून सुरू होते आणि तिथंच संपते. बाकी दुटप्पीपणात हे लोक आपल्याला हार जाणारे नाहीत: त्याच मोसमात पर्थची कसोटी दोन दिवसांत उरकली तेव्हा ती ‘थरारक’ होती, कोलकात्याची तीन दिवसांत संपली तर ती फसवणूक!

त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळंच. २०२३ ला दिल्लीत १ बाद ६१ वरून त्यांचा दुसरा डाव ११३ वर कोसळला. आडव्या बॅटनं स्वीप मारता मारता निम्मे गेले, जडेजाला सात बळी. दहाच दिवसांनी इंदूरला त्यांनी स्वीप जवळपास गुंडाळून ठेवला, ख्वाजानं सरळ बॅटनं ६० काढल्या, ८८ ची आघाडी मिळाली आणि सामना नऊ गड्यांनी जिंकला. दहा दिवसांत फॉर्म येत नाही. पद्धत बदलता येते.

इंदूरला टोकं गाठण्याची खोड जुनीच. १९७१ च्या वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमधल्या मालिका विजयांसाठी उभारलेल्या सिमेंटच्या बॅटला १९७४ ला लॉर्ड्सवर ४२ धावांत सर्वबाद होण्याची नामुष्की येताच काळं फासलं गेलं होतं. पण जुने सलामीवीर मुश्ताक अलींचं पदलालित्य आणि फिरकीपटू हिरवाणीची गुगली पाहिलेलं हे गाव फिरकी ओळखतं. मेलबर्नचे समालोचक वळणाचे अंश मोजत बसतात. रामबागेतला म्हातारा हात पाहूनच सांगतो, ‘हा सरळ जाणार.’ ती नजर धावांच्या सरासरीत वाया घालवू नये.

मालिकेआधी फॉर्म पाहायचाच असेल तर रणजी स्पर्धेत वळणाऱ्या खेळपट्टीवर कोणी किती धावा केल्या हे बाजूला ठेवा. फलंदाज एकदा बाद होईपर्यंत सरासरी किती चेंडू खेळला ते पाहा. बाद कसा झाला ते पाहा: सरळ चेंडूवर पायचीत दोनदा झाला असेल, तर ते शतक असूनही धोक्याचं. आणि पुढे येताना पाय चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोचतो की अर्ध्यात थांबतो ते पाहा. अर्ध्यात थांबणारा पाय सिली पॉइंटला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाला, झेल देतो.

तिकडे साडेनऊला पहिला चेंडू पडेल तेव्हा मेलबर्नला दुपारचे तीन वाजलेले असतील. धावफलकाआधी कॅमेरा खेळपट्टीवर किती जवळ जातो ते पाहा. पहिल्या अर्ध्या तासात गोलंदाजाच्या पावलांपाशी नव्हे, टप्प्याच्या जागी धूळ उडाली, तर नाणेफेक हरणाऱ्याला शेवटची फलंदाजी करायची आहे, आणि तो आपणही असू शकतो.