सहावा सांधा

आमच्या घरात गच्चीवरच्या सोलरपासून न्हाणीपर्यंत गरम पाण्याची लाइन तांब्याची आहे. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत हे बोलून दाखवायची सोय नाही. लोक आधी माझ्याकडं बघतात, मग माझ्या स्कूटरकडं, आणि दोन्हींचा तांब्याशी मेळ बसेना की विचारतात, "सासऱ्यांनी दिली काय?" सासऱ्यांनी नाही, वडिलांनी. वडिलांचा उभा जन्म तांब्याच्या बंबाच्या पाण्यानं अंघोळ करण्यात गेला. सोलर बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली: प्लास्टिकातनं आलेलं गरम पाणी मी अंगावर घेणार नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा तांबं स्वस्त पडलं.

पुढं वडील गेले, बंब माळ्यावर गेला, लाइन तेवढी राहिली. आणि गेल्या पावसाळ्यात तिचा गच्चीवरचा एक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, ठिबकायला लागला.

तांब्याचा जॉइंट झाळावा लागतो. कल्हईवाला भांड्याच्या पोटात जे करतो तेच थोड्याफार फरकानं पाइपाच्या गळ्यात करायचं. तो नवसागर मारून भांडं उजळतो आणि कथील फिरवतो. इथं नवसागराच्या जागी फ्लक्स आणि कथलाची तार. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला, आणि या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत मिस्त्रींचं पोट चालतं. आमच्या मिस्त्रींचा हात अस्सल होता, पण तो शनिवारीच मोकळा असायचा. कुठल्या शनिवारी, ते मात्र सांगत नसत.

एका शनिवारी आले. तर पाइपात पाणी. आत पाणी असलं की पाइप तापतच नाही, बाहेरनं कितीही ज्योत लावा. मिस्त्रींनी बायकोकडं ब्रेड मागितला. तिला वाटलं चहाबरोबर हवा असेल. त्यांनी स्लाइसचा मऊ गाभा काढला, गोळी वळली आणि पाइपात कोंबली. ती म्हणे पाणी अडवते, काम झालं की विरघळून नळातनं निघून जाते. आमच्याकडं मिसळीबरोबर पाव न देता ब्रेडच का देतात, या कोड्याचं उत्तर इथं असावं असं मला क्षणभर वाटलं. तेवढ्यात त्यांचा गॅस संपला. "शनवारी येतो," म्हणाले आणि गेले. ब्रेड आतच. तो मंगळवारी न्हाणीतल्या नळातनं आला.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिथं मिस्त्री बोलवायचा खर्च ऐकला की माणूस आपोआप मिस्त्री होतो, तसा तो झालाय. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आला तेव्हा त्यानं बॅगेतनं टॉवेलात गुंडाळलेलं एक अवजार काढलं. फांद्या छाटायच्या मोठ्या कात्रीसारखे लांब दांडे, आणि पात्यांच्या जागी मधोमध भोक असलेला जाडजूड जबडा. शिवाय एल्बो, सॉकेट वगैरेंची एक पिशवी.

"मामा, आगीबिगीचं कामच नाही. पाइप कापायचा, फिटिंगमध्ये घालायचा, जबड्यात धरायचा आणि दाबायचा. पाइप ओला असला तरी चालतो."

"ब्रेड?"

"ब्रेड कशाला?"

मी विषय सोडून दिला. त्यानं मग फिटिंग उलटं करून दाखवलं. तोंडाशी एक फुगीर कड असते, तिच्या पोटात काळी रबरी रिंग. जबडा मिटला की कड चेपते, रिंग पाइपाला घट्ट बिलगते आणि तिच्या शेजारचं तांबं षटकोनी दुमडून पाइपात रुततं. म्हणजे पाणी अडवायचं काम रबराचं आणि पाइप धरून ठेवायचं काम तांब्याचं. हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा माझं लक्ष दांड्यांकडं होतं.

"आणि चुकलं तर?"

"तर कापून टाकायचं. एकदा दाबलं की सुटत नाही."

त्यानं स्वतःसाठी बॅटरीवर चालणारं यंत्र घेतलं होतं, म्हणून हे हातानं दाबायचं मामाला. दसरा चौकात सोनं लुटून झाल्यावर तो परत गेला आणि अवजार माझ्याकडं राहिलं.

पहिल्याच रविवारी कळलं की फिटिंग पाइपावर चढत नाही. फिटिंगवर १५ मिलिमीटर लिहिलेलं. आमचा पाइप बिलावर अर्धा इंच. दुकानदार त्याला पाच सूत म्हणतो. मी व्हर्निअरची मापपट्टी लावली तर १५.८८. एकाच पाइपाची ही तीन नावं, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर: पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच हे बाहेरचं माप झालं, अर्धा इंच हे नुसतं म्हणायचं माप, आणि १५.८८ हे सत्य. इंग्लंडातला पाइप मात्र सरळ १५. मधल्या ०.८८ मिलिमीटरनं माझे तीन रविवार खाल्ले.

मी उद्यमनगरात गेलो. ज्या पेठेत शेतावरचं इंजिन नट-बोल्टासकट घडवून देतात तिथं एका पाइपाची काय कथा? लेथवाल्यानं पाइप हातात घेऊन भिंगातनं बघावा तसा बघितला. "घासून देतो की. पर मग भिंत न्हाई ऱ्हायची. पाण्याऐवजी त्यातनं तुम्ही आरपार बघत बसा." लक्ष्मीपुरीतला दुकानदार म्हणाला, एसीचा पाइप देऊ का? तोही सुतातच. शेवटी वाट सापडली ती दवाखान्यात. बायकोच्या मावशीला भेटायला गेलो होतो, आणि कॉरिडॉरमध्ये दोघे जण ऑक्सिजनची लाइन ओढत होते. तांब्याची. मी मावशींना सोडून त्यांच्याकडं गेलो. तो पाइप १५ मिलिमीटरचा निघाला! दवाखान्याच्या गॅसचे पाइप आपल्याकडंही मिलिमीटरातच येतात: १२, १५, २२, २८. सरळ तीन मीटरचे, आत धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना टोप्या घातलेले. मावशी अजून म्हणतात, जावई फार आनंदात दिसले.

आता जुना पाइप काढून टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंतचा तुकडाच बदलायचा. दोन्ही टोकांना पितळी आटे होते, आणि भाच्याच्या पिशवीतल्या आट्यांशी ते बिनतक्रार जुळले. साहेब जाताना अर्ध्या इंचाचे आटे इथं ठेवून गेला, हे एक बरं केलं. टोकाला एक-एक फिटिंग, मध्ये दोन एल्बो, एल्बोला दोन तोंडं. एकूण सहा सांधे.

पाइप कापायला छोटा कटर असतो, तो पाइपाभोवती फिरवत फिरवत थोडा थोडा आवळायचा. घाईनं आवळला की पाइपाचं तोंड चंबू होतं. हे मला दोन चंबू झाल्यावर कळलं. मग आतली-बाहेरची बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धार, काढायची, कारण ती राहिली तर रबरी रिंग कापली जाते. मग पाइप आत किती जायचा त्याची मार्करनं खूण, जेमतेम दोन-सव्वादोन सेंटीमीटर. मग फिरवत फिरवत खुणेपर्यंत आत. इथवर सगळं बायकी कामासारखं नाजूक आहे असं मी म्हणालो आणि बायकोनं ऐकलं. त्यामुळं पुढं पकडायला कुणी मिळालं नाही.

दाबणं. सुरुवातीला दांडे असे सहज जवळ येतात की वाटतं, एवढंच? अर्ध्यावर ते विचार करायला लागतात. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात तांबं काय चीज आहे ते कळतं. मी उभा राहून दाबलं, मांडीवर घेऊन दाबलं, एक दांडा फरशीला टेकवून दुसऱ्यावर छातीनं पडलो. चरकात ऊस घातल्यावर जसा आवाज येतो तसा आला. तो माझ्या खांद्याचा होता. पण जबडा मिटला. उघडून बघतो तर कडेवर छान षटकोन. मी तो शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना दाखवला. त्यांनी चादर मध्ये घेतली.

दुसऱ्या सांध्याला आमच्या बोळातला पोरगा वर आला. तालमीत जातो, सकाळचे जोर-बैठका उरकूनच आला होता. "काका, सरका बघू." त्यानं दांडे धरले आणि नमस्कार करावा तसे हात जोडले. झालं. "काटा किर्र बसला!" तीन, चार, पाच. मी फक्त खुणा करत होतो आणि मालक असल्यासारखं "हं" म्हणत होतो.

सहावा सांधा व्हॉल्व्हजवळ, कठड्याला चिकटून. जबडा उघडायचा तर दांडे मिठी मारायला निघाल्यासारखे फाकवावे लागतात, आणि एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला टाकीचा पाय. दांडे फाकेनात. पोरानं तीन तऱ्हांनी बघितलं, मग घड्याळ बघितलं, वस्ताद ओरडतील म्हणून गेला. मी पाइप खुणेपर्यंत नीट आत सारून ठेवला. मनात म्हटलं, चहा घेऊन काहीतरी युक्ती काढू. चहा घेतला. जाता जाता सहज व्हॉल्व्ह उघडून बघितला.

एक थेंब नाही.

मी खाली बसून दहा मिनिटं त्या सांध्याकडं बघितलं, टिश्यू पेपर लावून बघितला. कोरडा ठणठणीत. आता सांगा, जो सांधा गळत नाही तो दाबायचा कशाला? हल्ली काही फिटिंग मुद्दाम अशी करतात की दाबायची राहिली तर गळावीत, म्हणजे विसराळू माणसाला कळतं. भाच्याची पिशवी सेलमधली होती. तिच्यातल्या रिंगनं टाकीच्या दीड मीटर उंचीच्या पाण्याला निमूटपणे अडवून धरलं आणि मी न्हाणीत गरम पाण्याखाली उभा राहून माझ्या हुशारीवर खूश झालो. दिवाळी तोंडावर आली होती.

बायकोनं आकाशकंदील लावला. कंदिलाची काठी दरवर्षी कठड्याच्या गजाला बांधतात. या वर्षी गजाशेजारी चकचकीत, सरळ, नवाकोरा तांब्याचा पाइप होता. तिनं काठी त्याला बांधली. मी स्वतः सुतळी धरून गाठ मारली, तीही पक्की. मग रोज संध्याकाळी वारा सुटायचा, कंदील डोलायचा, काठी डोलायची आणि पाइप त्या सांध्यातनं केसाकेसानं बाहेर यायचा. मार्करची खूण फिटिंगच्या तोंडाशी होती, ती नखभर बाहेर आलेली मी बघितलीसुद्धा. मला वाटलं, मीच खूण चुकीची केली होती.

नरक चतुर्दशी. पहाटे पाच. घरात पाहुणे धरून अकरा माणसं. उटणं लावून बहिणीचे यजमान न्हाणीत गेले होते. खाली अंगणात पोरांनी पन्हाळा केला होता, तीन दरवाजासकट, माचीवर अळीव उगवलेले. गच्चीवर धप्प आवाज झाला. मला वाटलं कुणाचा फटाका. मग अंगणातनं किंकाळी आली, "पन्हाळा गेलाऽऽ!"

१६६० साली सिद्दी जौहर चार महिने वेढा घालून बसला होता. आमच्या २०० लिटर सोलरनं पन्हाळा दहा मिनिटांत घेतला. पोरं सगळी ओसरीवर होती म्हणून कुणाला पाणी लागलं नाही. एक मावळा मात्र पार गटारापर्यंत लढत गेला. मी वर धावलो. पाइप फिटिंगमधनं निघून कंदिलाच्या काठीसकट बाजूला लोंबत होता, कंदील आतनं अजून पेटलेला, आणि फिटिंगच्या पोटातली काळी रिंग तशीच, कोरी. पाणी अडवायचं काम रबराचं, पाइप धरायचं काम तांब्याचं. भाचा म्हणाला होता ते त्या अंधारात पहिल्यांदा ऐकू आलं. न्हाणीतनं बहिणीच्या यजमानांचा आवाज येत होता, "अहो, साबण लावलाय हो!"

माळ्यावरनं बंब उतरवला. शेणी पेटवल्या, नारळाच्या शेंड्या घातल्या, आणि सात वाजेपर्यंत उरलेली दहा माणसं रांगेत उभी राहून अंघोळी करून गेली. धुरानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आई बंबाशेजारी पाट टाकून बसली होती. एवढंच म्हणाली, "तुझा बाप इकू देईना ते बरं झालं."

भाच्याला फोन लावला. तिकडं अजून मध्यरात्र होती. त्यानं फोटो बघितला आणि झोपेतच विचारलं, "मामा, हा दाबला होता का?" मी रेंज गेल्यासारखं केलं.

मिस्त्री दिवाळी संपल्यावर आले. खरंच शनिवारी. गच्चीवर उभे राहून त्यांनी पाइप बघितला, पाच षटकोन बघितले, सहावा गुळगुळीत बघितला. मग शांतपणे म्हणाले, "सर, काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपातनं गावात आलं. तुमचं गच्चीवरनं न्हाणीत येईना व्हय?"

मी कठडा दाखवला, दांडे कसे फाकत नाहीत ते करून दाखवलं. ते ऐकून घेत होते आणि हातानं व्हॉल्व्हजवळचा एक जाड नट सोडवत होते. मी त्याला इतकी वर्षं नुसता नट समजत होतो. तो युनियन होता, पाइप न कापता लाइन सोडवायचा जोड. फिटिंग सुटून हातात आलं. त्यांनी पाइप कठड्यापासून दोन हात बाजूला ओढला, फिटिंग खुणेपर्यंत चढवलं, मोकळ्या जागेत दांडे फाकवले आणि गुडघा लावून एकदाच दाबलं. मग पाइप जागेवर नेऊन युनियन आवळला. माझा चहा अजून गरम होता.

त्यांनी ते अवजार खाली ठेवलं नाही. दांडे उघडले, मिटले, जबड्यात बोट घालून बघितलं, पुन्हा उघडले.

"गॅस लागत न्हाई म्हणा की."

"नाही."

"ब्रेड?"

"नाही."

"दोन दिस राहू दे माझ्याकडं. एका साइटवर बघतो लावून."

याला आता पाच महिने झाले. काल फोन केला होता. म्हणाले, शनवारी आणून देतो.