दोन शिमगे थांबा, मग वकिलाकडे जा

कोकणातल्या माणसाला वकील कधी गाठायचा हे शिकवावं लागत नाही असं मला परवापरवापर्यंत वाटायचं. बांध वीतभर सरकला, शेजाऱ्याच्या फणसाची फांदी आपल्या कौलांवर आली, सातबाऱ्यावर चुलत्याच्या मुलीचं नाव चढलं, की आपण सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला. आजोबांनी घातलेला दावा नातू चालवतो, तारखा तोंडपाठ, वकिलाकडे दरवर्षी हापूसची पेटी न चुकता पोचते. पण याच माणसाचं चिरेखाणीत बोट गेलं की तो एकदम संत होतो. जाऊ दे म्हणतो, शेठ चांगला माणूस आहे.

आणि बरोबरच आहे ते, बोट काय सातबाऱ्यावर चढलेलं नसतं. तेव्हा ज्यांची बोटं अजून जायची आहेत त्यांच्यासाठी थोडा अनुभवाचा सल्ला देतो, आमच्या वाडीत लोकांनी पाळून सिद्ध केलेला आहे.

सुरुवात दवाखान्यापासून करा. म्हणजे बघा, 2023 च्या शिमग्याआधी आमच्या वाडीतल्या एकाचा हात चिरे कापायच्या मशीनच्या पट्ट्यात गेला. पट्ट्यावरची जाळी कधीच काढून ठेवलेली, कारण धूळ अडकते आणि मग मशीन बंद करून साफ करत बसावं लागतं, तेवढ्यात चार चिरे कमी निघतात. खाणीतली लाल धूळ अंगभर, त्यात रक्त कुठलं नि माती कुठली कळेना. हाताला पंचा गुंडाळला आणि मुकादमाने त्याला बाईकवर मागे बसवला. घाटी चढताना मुकादम मान वळवून म्हणतो, "डॉक्टरान विचारल्यान तर घराक लाकडा फोडताना कोयतो लागलो म्हणान सांग हां, नायतर पोलीस केस होतली." झालं, केसपेपरवर तेच उतरलं.

तुम्हीही हेच सांगा. ती एक ओळ शेठच्या कामाला दहा वकिलांपेक्षा भारी असते, कारण पुढे कधी भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दावा लागलाच तर समोरचा वकील पहिला तोच कागद काढणार. उगाच "खाणीत, कामावर, अमुक वाजता, मशीनच्या पट्ट्यात" असं खरं सांगून डॉक्टरला जास्त लिहायला लावू नका. मशीनचा फोटोबिटो काढायचा नाही. बरोबर कोण होतं त्यांची नावं विसरून जायची, तसेही ते पावसाळ्याला खाण बंद झाली की आपापल्या गावी जातात. आणि जाळी? ती तुम्हीच काढलीत असं शेठ म्हणाला तर मान डोलवा, कारण सुरक्षेची जाळी कामगाराने मुद्दाम काढली असं सिद्ध झालं तर बोटासारख्या दुखापतीत मालक सुटू शकतो. चांगल्या माणसाला सुटायला मदत नको करायला?

चार दिवसांनी शेठ स्वतः येतो. खळ्यात खुर्ची टाकायची, चहा करायचा. तो सफरचंदांची पिशवी आणि 5,000 रुपये देतो, घरातली म्हातारी डोळे पुसते, देवमाणूस म्हणते. या वेळी डोक्यात कसलाही हिशेब येऊ द्यायचा नाही. 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता (21 नोव्हेंबर 2025 पासून तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय), त्याच्या परिशिष्टात तुमच्या हाताचा चक्क तक्ता आहे. अंगठा अख्खा गेला तर कमावण्याची ताकद 30 टक्के गेली असं धरतात, तर्जनी 14, करंगळी 7. वय 30, पगार महिना 12,000 धरा. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200, त्याला कायद्याने त्या वयासाठी ठरवलेल्या 207.98 या आकड्याने गुणायचं, त्याचे 14 टक्के काढायचे, येतात 2,09,644 रुपये. औषधपाण्याचा खर्च वेगळाच. महिन्याभरात मालकाने दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, आणि टाळाटाळीला कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. पण सफरचंदं पण आणली होती ना त्याने, ती कुठल्या तक्त्यात बसतात?

बोटाचा निदान तक्ता तरी आहे. कंबरेत उसण भरली, मनगट वळत नाही, असलं काही असेल तर टक्के डॉक्टर ठरवतो आणि तिथे खरी ओढाताण असते, मालकाचा डॉक्टर 5 म्हणतो आणि तुमचा 30. अशा वेळी वकील असलेला बरा असं काही शहाणे म्हणतात, तुम्ही आपलं तेल चोळा.

चहा झाला की शेठ खिशातून स्टॅम्प पेपर काढतो, "सर्व रक्कम मिळाली, आता तक्रार नाही" वगैरे. वाचू नका, सही करा, सहीचं बोट गेलं असेल तर अंगठा चालतो. हक्क सोडल्याचा असला करार कायद्याने रद्दच असतो हे वकिलाने सांगितलं असतं, म्हणून तर सहीच्या आधी वकिलाकडे जायचं नाही. तुम्हाला कुठे ठाऊक, तुम्ही त्या कागदाला बघून दोन वर्षं गप्प बसणार, आणि कागदाचं काम तेवढंच.

एखाद्याला शंका येतेच, की मी शेठचा माणूसच नाही, मी मुकादमाचा. हजेरी वहीत, पगार रोख, पावती नाही. हीच समजूत घट्ट धरून ठेवा. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते, मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असं कायद्यात स्पष्ट आहे, पण स्पष्ट गोष्टींत काय मजा. (पगारातून ईएसआयसी म्हणजे सरकारी कामगार विम्याचे पैसे कापत असतील तर रस्ता वेगळा, तिकडच्या ऑफिसात जावं लागतं. खाणीवर कोण कापतोय म्हणा.)

आता मुख्य प्रश्न, वकिलाकडे जायचं कधी. भरपाईच्या त्या 1923 च्या कायद्यात दाव्याला मुदत होती अपघातापासून दोन वर्षं. म्हणजे पहिला शिमगा पालखी नाचवण्यात घालवा, मधे कोणी फारच टोचलं तर देवळात कौल लावा, गाऱ्हाणं घाला. दुसरा शिमगा पण जाऊ द्या. मग निवांत जा. उशिराला सबळ कारण दिलं तर दावा घेतातही, पण "शेठ चांगला माणूस आहे" हे कारण लिहून बघा आणि मलाही कळवा.

वकील अर्धे पैसे खाईल अशी भीती मुकादम घालतोच. जिंकलेल्या रकमेत वाटा ठरवून घ्यायला वकिलांना बार कौन्सिलची मनाई आहे, आणि औद्योगिक कामगार, बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. आमच्या सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 वर फोन केला तरी चालतो. पण फुकटचं घ्यायला आपल्याला लाज वाटते, बांधाच्या केसला आपण रीतसर फी मोजतो.

त्या बांधाच्या केसची पुढची तारीख असेलच. जा, बाकावर बसा, फाईल मांडीवर घ्या. तुमचा वकील येईल, फाईल मागेल, तुम्ही ती चार बोटांनी पुढे कराल, तो बघेल आणि विचारेल, हाताला काय झालं?

सांगा, "काय नाय ओ, कोयतो लागलो."