फर्मा ४ कोणाकडे आहे?

नमस्कार. दिवाळी अंकाच्या फायली क्लाउडवर कशा ठेवाव्यात यावर मी लिहिलं आणि तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं असं: एका फाइलवर एका वेळी एकच माणूस, हा नियम खिळे जुळवायच्या जमान्यातला आहे, व्हॉट्सॲपवर ‘फाइल माझ्याकडे आहे’ अशी पाटी लावणं बालिश आहे, काही बिघडलंच तर जुनी आवृत्ती परत आणता येते, आणि फॉन्ट सामायिक फोल्डरात टाकले की मिटलं, त्याचा मी उगाच बाऊ केला.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ‘सामायिक फोल्डरातून थेट काम करूच नका’ हे मी सरसकट लिहायला नको होतं. गूगल डॉक्समध्ये लेखाच्या मजकुरावर लेखक आणि संपादक एकाच वेळी खुशाल बसोत, ती सोय त्याचसाठी आहे. कॅनव्हात जाहिरातीचं पान करत असाल तरी तेच. ते वाक्य मी बदलतो.

इनडिझाइनच्या, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या, फाइलबद्दल मात्र मी हटणार नाही. डॉक्समध्ये प्रत एकच असते आणि सगळे तिच्यातच लिहितात. ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समधली इनडिझाइन फाइल मात्र तुम्ही तुमच्या संगणकावरच्या प्रतीत उघडता, मी माझ्या. सेव्ह केल्यावर बदल वर जातात खरे, पण तुमच्या दुरुस्त्या आणि माझ्या दुरुस्त्या कोणी एकत्र विणून देत नाही. इनडिझाइन स्वतः काळजी घेतं. फाइल उघडली की शेजारी आयडीएलके नावाची छोटीशी कुलूप-फाइल तयार करतं. एकाच ऑफिसातल्या सर्व्हरवर दुसऱ्याला ते कुलूप लगेच दिसतं. पुण्यातलं कुलूप नाशिकला पोचेपर्यंत तिथल्या माणसाने दार उघडून चहाही टाकलेला असतो.

आमचं काय झालं ते मूळ लेखात लाजेखातर गाळलं होतं. मी पुण्यात पानं लावतो, प्रुफं बघणाऱ्या ताई नाशिकला, चित्रकार मडगावला. एका रात्री ताईंनी एका कथेतल्या चाळीसेक दुरुस्त्या थेट फाइलमध्ये केल्या आणि त्याच वेळी मी त्याच फाइलमध्ये एक जाहिरात सरकवत होतो. साठवणाऱ्या सेवेने इमानेइतबारे दोन्ही प्रती ठेवल्या, एकीच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं शेपूट लावून. मी ते शेपूट पाहिलंच नाही. छापखान्यात माझी प्रत गेली. ‘दिर्घ’ आणि ‘आर्शिवाद’ यांसकट कथा छापून आली. ताईंनी अंक चाळला आणि एक शब्द न बोलता मिटून ठेवला. सेवेची चूक शून्य, माझी शंभर टक्के.

तेव्हापासून पाटी आली. २०८ पानांचा अंक आम्ही १६ पानांच्या १३ फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या गठ्ठ्यांत, तोडतो, प्रत्येक फर्म्याची वेगळी फाइल, आणि इनडिझाइनच्या ‘बुक’मध्ये ते सगळे एकत्र ओवतो. काम सुरू करताना ग्रुपवर ‘फर्मा ४ घेतला’, संपल्यावर ‘फर्मा ४ सोडला’. ताई आता फाइलला हात लावत नाहीत, पीडीएफवर खुणा करतात. बालिश म्हणा हवं तर. त्यानंतर एकही दुरुस्ती हरवलेली नाही.

जुन्या आवृत्तीचं म्हणाल, तर डॉक्स-शीट्स सोडून इतर फायलींच्या जुन्या आवृत्त्या गूगल ड्राइव्ह ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच हमखास ठेवतं. ‘कायम ठेवा’ अशी खूण केलीत तरच पुढे. आमचा पहिला फर्मा जुलैत लागतो आणि चूक सापडते ती नवरात्रात. हिशेब तुम्हीच करा.

फॉन्टचं मात्र निम्मं मान्य. इनडिझाइन फाइलशेजारी ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर असेल, तर त्यातले फॉन्ट त्या फाइलपुरते आपोआप लागतात. मुक्ता किंवा बालूसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट तिथे बिनधास्त ठेवा. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना बहुधा ठरावीक संगणकांपुरता असतो, तो पाच घरांत वाटणं म्हणजे सरळ चोरी. आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांची अक्षरं साठवायची सामाईक पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमधली जुनी फाइल फॉन्टशिवाय उघडलीत तर मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये मजकूर वाचता तरी येतो, पण फॉन्ट बदलला की ओळी सरकतात आणि कथेच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात.

जाता जाता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. चित्रांच्या फायलींना मराठी नावं देऊ नका. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण ‘कऱ्हाड’मधला ऱ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. चित्राची फाइल समोर दिसत असते आणि इनडिझाइनच्या पानातली तिची लिंक ‘मिसिंग’, म्हणजे सापडत नाही, म्हणते. आम्ही रोमन अक्षरं आणि आकडे, एवढंच वापरतो.

तुमचे पाच जण एकाच वेळी एकाच फाइलवर काम करतात असं तुम्ही लिहिलंय. ती फाइल इनडिझाइनची आहे की दुसऱ्या कशाची, आणि किती पानांची, ते जरूर कळवा. इनडिझाइनचीच असेल, तर आज एकदा फोल्डरात ‘कॉन्फ्लिक्टेड’ हा शब्द शोधून बघा.