सोपं केलंय म्हणे!

दर अपडेटनंतर तीच पाटी, 'तुमच्यासाठी सगळं आणखी सोपं केलंय.' कोणी सांगितलं होतं रे बाबांनो?

काल घोडबंदर रोडला दीड तास सडून घरी आलो तर बाबा लॅपटॉपपुढे घामाघूम. मेंटेनन्सची पावती अपलोड होत नाही. बघतो तर फाइलचं खरं नाव पावती.पीडीएफ.जेपीजी! शेवटचं जेपीजी, म्हणजे फाइल खरंतर फोटोची असल्याची खूण, विंडोजने लपवलेलं, का तर सामान्य माणूस गोंधळेल, मग बाबांनी बिचाऱ्यांनी हाताने पीडीएफ टाइप केलं आणि त्यांना वाटलं झाली पीडीएफ. ही लपवाछपवी 1995 पासून चालू आहे, बरं का. आणि ती बंद करायचं बटण शोधत मी नव्या सेटिंगमधून जुन्या पॅनलमध्ये, तिथून तिसऱ्याच खिडकीत, म्हणजे वाशीला जायला निघावं आणि ठाण्यालाच गोल गोल फिरत बसावं तसं.

वैतागून ऐरोलीच्या ऑफिसातल्या लिनक्सवाल्याला फोन केला तर म्हणे, टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघड, एका ओळीचं काम आहे. हो, आणि त्या ओळीत बाबांनी चुकून आरएम, म्हणजे फाइल उडवायचा हुकूम, मारलं तर? फाइल कचरापेटीत पण जात नाही, थेट वैकुंठाला!

म्हणजे एकतर बाळ समजणार, नाहीतर इंजिनियर. मधलं काहीच नाही? ॲपलच्या मॅकच्या पोटात 2001 पासून लिनक्सच्याच जातकुळीतलं युनिक्स आहे, वरून गुळगुळीत, आत टर्मिनल, मग दोन्ही एकत्र नांदतातच ना? पण त्याची किंमत ऐकून बाबा म्हणाले, राहू दे, मी सेक्रेटरींना झेरॉक्सच नेऊन देतो.